इफ्तारला गेलेली बाटली

वादी अदाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. बांधणाऱ्याने ती कामवालीसाठी काढली असावी. तिच्यात एक माणूस झोपू शकला असता, पण कूस बदलायची तर दार उघडावं लागलं असतं. त्या खोलीत माझा नवरा बियर बनवायचा.

हे वाक्य पुण्यात कुणी म्हटलं तर ऐकणारा फार तर ‘अरे वा’ म्हणेल. मस्कतमध्ये मी ते कधीच मोठ्याने म्हटलं नाही. मुसलमान नसलेल्या नोकरदाराला इथे दारूचा परवाना मिळतो. ठरलेल्या दुकानातून आणायची, सरळ घरी न्यायची, दार लावून प्यायची. घरी बनवायचा परवाना मात्र कुणालाच मिळत नाही. पकडलं तर काय होतं याच्या आमच्या ओळखीच्यांत निरनिराळ्या कथा होत्या. प्रत्येक कथेत पोलीस वेगळ्या कारणाने घरी यायचे, पण शेवट सगळ्यांचा एकच असायचा, विमानतळ.

नवऱ्याला ही भीती नव्हती, कारण त्याच्याकडे शास्त्र होतं. तो केमिकल इंजिनियर आहे. तो बियर ‘करायचा’ नाही, ‘बॅच घ्यायचा’. दिवाळीत करंज्या करायला घेतात तसं त्याचं बॅचचं वेळापत्रक असे आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात मला जायची बंदी असे. हायपरमार्केटमधून बिनदारूच्या माल्ट ड्रिंकचे खोके यायचे. हॉप्स नावाची वाळकी फुलं पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून, कसुरी मेथीच्या पिशवीत यायची. मग साखर, यीस्ट, थर्मामीटर आणि पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन. कॅनच्या बुचातून एक वाकडी नळी वर आलेली असे आणि तिच्यातून रात्रंदिवस हवा सुटत असे. बुळुक. थोड्या वेळाने पुन्हा बुळुक.

त्या आवाजाने मी संसारातल्या कुठल्याही आवाजाहून जास्त घाबरले आहे. एसीवाला आला की मी मिक्सर लावायचे. गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला की त्याच्याशी दारातच मोठमोठ्याने बोलायचे. एकदा इमारतीचा हारिस, म्हणजे वॉचमन, पाण्याचं मीटर बघायला आत आला. नाक वर करून म्हणाला, “मॅडम, ब्रेड?” मी म्हटलं, “हो, ब्रेड.” त्यानंतर कित्येक आठवडे मी त्याला ब्रेड करून द्यायचे, खरं वाटावं म्हणून.

शुक्रवारी नवऱ्याचे दोन-तीन मित्र यायचे. ग्लास उजेडात धरायचे, हलवायचे, हुंगायचे. “शेवटी जरा लिंबाच्या सालीचा भास होतो,” असं एकजण म्हणायचा आणि बाकीचे लग्नातल्या भटजींसारखे डोळे मिटून माना हलवायचे. मला ती कडू लागायची आणि ढेकर यायचा. तसं मी सांगितलं तेव्हा लिंबाच्या सालीवाले म्हणाले, “वहिनी, जीभ तयार व्हावी लागते.” माझी जीभ पन्नाशीपर्यंत निरनिराळ्या कामांसाठी बऱ्यापैकी तयार झाली होती, पण मी ती वापरली नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. घरात काही हलतंय आणि आपल्याला त्याचा अर्थ माहीत नाही, हे त्यांना सहन होत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोलीचं दार उघडून विचारलं, “हे काय रे बुडबुडतंय?”

नवरा क्षणभरही थांबला नाही. “औषध आहे, आई. कोकम आंबवलंय. पित्तावर. पोटाला एकदम थंड.”

यात कोकम तेवढं खरं होतं. त्याने या खेपेला नवा प्रयोग केला होता, बियरमध्ये आमसुलं घातली होती. आमसुलं समोरच्या दारातून आली होती. तिथे रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहत होतं. त्या घरच्या भाईंचं हमरियाच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि भाभींच्या माहेरची आमसुलं दरवर्षी आमच्याकडे यायची. आता त्यांची बियर झाली होती, सुंदर लालसर रंगाची. नवऱ्याने ती खटक्याच्या बुचाच्या काचेच्या बाटल्यांत भरली आणि एकेक बाटली खिडकीशी धरून बघितली.

“मला दे की थोडं,” सासूबाई म्हणाल्या. “मला रोज पित्त होतं.”

“तुला नाही चालणार. बीपीच्या गोळ्यांबरोबर घ्यायचं नसतं.”

सासूबाईंनी ते ऐकलं. डॉक्टरांचं आणि मुलाचं त्या ऐकतात. पण घरात एवढं गुणाचं औषध असून कुणाला दिलं जात नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली असणार. मला तेव्हा ते सुचलं नाही. मी पोलिसांना घाबरत होते. सासूबाईंच्या चांगुलपणाला घाबरायला हवं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग रमजान लागला. आमच्या मजल्यावर रमजानात ताटं इकडून तिकडे जायची. समोरून समोसे यायचे, आमच्याकडून साबुदाण्याचे वडे जायचे. भाभी सासूबाईंना ‘आई’ म्हणायच्या आणि सासूबाई त्यांना, “दिवसभर पाणी नाही म्हणजे पित्त खवळत असेल गं तुमचं,” असं काळजीने विचारायच्या. भाभी हसून म्हणायच्या, “सवय असते, आई. पण जळजळ होते कधीकधी.”

त्या दिवशी मी शाळेतून आले, पेपर तपासले, संध्याकाळचा चहा ठेवला. दूध काढायला फ्रिज उघडला तेव्हा खालच्या कप्प्यातल्या लाल बाटल्यांच्या रांगेत एक जागा रिकामी दिसली.

“आई, इथली एक बाटली कुठे गेली?”

सासूबाई बाहेरच्या खोलीत मटार सोलत होत्या. “समोर दिली. इफ्तारला. त्यांच्याच आमसुलांचं आहे ना? भाभीला जळजळ होते म्हणाली. मी सांगितलं तिला, हे पोटाला थंड असतं, आमच्याकडे मुलाने मुद्दाम केलंय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय झालं? एकच दिली. बाकीच्या आहेत की.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. बाहेर ऊन उतरलं होतं आणि भिंतींवर पिवळा उजेड आला होता. मगरिबची अजान व्हायला फार वेळ नव्हता. दिवसभर थेंबभर पाणी न घेतलेली माणसं समोरच्या घरात सतरंजीवर बसणार, दुआ मागणार आणि पहिला घोट आमच्या बाटलीतला घेणार. त्यांना कळलं नाही तरी मला कळणार होतं. आणि कळलं तर काय होईल, याचा विचार मी निम्म्यात तोडला.

नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसातून निघून इफ्तारच्या आधीच्या गर्दीत अडकला होता. मागे हॉर्न वाजत होते.

“घाबरू नको,” तो म्हणाला. “त्यात अल्कोहोल अगदी कमी आहे. कोकमाने चव झाकली जाते. त्यांना कळणारसुद्धा नाही.”

“कळणार नाही म्हणून चालेल?”

“तू आत्ता जाऊन सांगितलंस तर आपण स्वतःच्या हाताने आपलं नाव देतोय. विचार कर. माझी नोकरी, आपला व्हिसा, सगळं. एक फोन केला त्यांनी तर खलास.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच मला ते जास्त भयंकर वाटलं. गप्प बसलो तर आम्ही सुरक्षित होतो. सुरक्षित राहायची किंमत समोरच्या घराने, न विचारता, द्यायची होती. मी फोन ठेवला, ओढणी घेतली आणि समोरची बेल वाजवली.

भाभींनी दार उघडलं. हाताला पीठ होतं, तोंड सुकलेलं होतं, आतून तळणाचा वास येत होता.

“भाभी, आईंनी मघाशी बाटली दिली ना, ती द्या परत. ती खराब झालेली आहे. आईंना माहीत नव्हतं.”

“अगो बाई! ती नाय ना आता इथे. हे घेऊन गेले.”

“कुठे?”

“मशिदीत. आज तंबूत मोठे लोक येणार म्हणाले. ती बाटली बघून म्हणाले, किती छान दिसते, रंग बघ, अर्बाबच्या पुढ्यात ठेवायला बरी. मी म्हटलं, न्या.”

“फोन करा त्यांना. लगेच.”

भाभींनी माझा चेहरा बघून काही विचारलं नाही, फोन लावला. भाईंचा फोन आत सोफ्यावर चार्जिंगला लावलेला होता. तिथेच वाजला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

मी जिना उतरले. मशीद आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिच्या अंगणात रमजानभर पांढरा तंबू असतो. दिवसभर बांधकामावर राबलेले बांगलादेशी, पाकिस्तानी, इजिप्शियन, आपल्याकडचे, सगळे तिथे रोजा सोडायला येतात. त्या तंबूचा खर्च एक ओमानी गृहस्थ करायचे. भागातले सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचे. ते रोज येत नसत. आज आले होते.

गल्लीतून जाताना मी वाक्यं जुळवत होते. सरबत आंबलंय. बाटलीत काच निघाली. आईंनी त्यात चुकून दुसरंच औषध घातलं. प्रत्येक वाक्य घरात चांगलं वाटलं असतं. रस्त्यावर एकही टिकत नव्हतं. मशिदीपाशी पोलिसांची गाडी उभी होती. मोठी माणसं आली की गाड्या लावायला जागा करून द्यायला ते येतात. हे मला माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं.

तंबूच्या एका बाजूचा पडदा वर बांधलेला होता. आत जमिनीवर प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या अंथरल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना माणसं ओळीने बसली होती. खजूर, ताकाचे डबे, भाताच्या पराती. सगळे गप्प होते. पुढ्यात अन्न असलेली एवढी माणसं इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. मधोमध पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले अर्बाब बसले होते आणि त्यांच्यासमोर, इतर प्लॅस्टिकच्या पेल्यांत उठून दिसत, माझ्या नवऱ्याची बाटली उभी होती. उजेड तिच्यातून आरपार येत होता. खिडकीशी धरून त्याला जो रंग हवा होता, तो तिथे अगदी नेमका आला होता.

आत जाता येणार नव्हतं. बाहेरून नाव घेऊन हाक मारावी तर सगळे वळले असते. मी “भाई” म्हटलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. सगळे वळले.

भाई उठून आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. दुकानातसुद्धा कधी घाई करत नाहीत.

“वहिनी? घरी ठीक आहे ना सगळं?”

“ठीक आहे. भाई, ती लाल बाटली उघडू नका.”

“का?”

“खराब आहे.”

ते माझ्याकडे बघून हसले, लहान मुलाला समजवतात तसे. “आता त्यांच्यासमोर ठेवलीय, वहिनी. उचलून आणली तर काय सांगू? आणि आईंनी इतक्या प्रेमाने दिलीय. थोडी बिघडली असली तर मी एकटा पितो, झालं?”

त्यांनी वळायला पाऊल उचललं. माझ्याकडे जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं.

“भाई, ते सरबत नाही.”

ते थांबले. पाठमोरेच थांबले. मग फक्त मान वळवून, अगदी हळू म्हणाले, “तुमच्या घरातून?”

“हो.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. मी गल्लीत पत्ता विचारायला आलेली कुणीतरी असावी, तसे ते माझ्याकडे बघत होते.

ते आत गेले. अर्बाबच्या शेजारी वाकून अरबीत काहीतरी बोलले. अर्बाबनी बाटलीकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं. एका मजुराने सगळ्यांच्या वतीने ती उचलून उजेडात धरली आणि बुचाच्या खटक्यावर अंगठा ठेवला. त्या बाटल्या उघडताना कशा उसळतात हे मला माहीत होतं. फेस, वास, सगळं त्या पांढऱ्या कपड्यांवर. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं. भाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला, बाटली काढून घेतली, खांद्यावरच्या रुमालात गुंडाळली. अर्बाब काहीतरी म्हणाले आणि आजूबाजूचे चार-पाच जण हसले. काय म्हणाले ते मला कळलं नाही. भाई हसले नाहीत.

बाहेर येऊन त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. माझ्या चपलांपाशी, भिंतीच्या कडेला ठेवली, रुमालासकट.

“रुमाल राहू दे,” ते म्हणाले.

मग ते बाजूच्या नळावर गेले आणि हात धुऊ लागले. मनगटं, कोपरापर्यंत. पुन्हा मनगटं. ते धूत असतानाच अजान सुरू झाली. आत सगळ्यांचे हात खजुराकडे गेले. भाई नळाशी उभे होते.

बाटली ओढणीखाली धरून मी गल्लीतून परत निघाले. हेलकाव्याने ती फुटेल या भीतीने मी अंगावर मूल झोपलं असावं तशी चालत होते. पोलिसांच्या गाडीतला तरुण पोलीस खजूर खात होता. त्याने काच खाली करून मला एक खजूर पुढे केला. माझा हात मोकळा नव्हता. मी मान हलवून ‘शुक्रन’ म्हटलं आणि पुढे गेले. वळणापर्यंत माझ्या पाठीला डोळे चिकटले होते. बहुधा कुणाचेच नसतील.

नवरा घरी आला तेव्हा मी मोरीत बाटल्या रिकाम्या करत होते. तो दारात उभा राहिला. मी झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अर्बाबच्या पुढ्यात ठेवली होती?” त्या आवाजात घाबरण्याबरोबर आणखीही काहीतरी होतं. मी त्याच्याकडे पाहिल्यावर तो कॅन धुवायला लागला. हॉप्स, नळी, थर्मामीटर, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तो निरनिराळ्या कचराकुंड्यांत टाकून आला. वास मात्र त्या खोलीतून गेला नाही. सासूबाईंना त्याने सांगितलं की भाईंचं पोट नाजूक आहे, डॉक्टरांनी आंबवलेलं बंद केलंय. त्यांना फार वाईट वाटलं. “आधी सांगायचं नाही का रे मला?” त्या म्हणाल्या.

नंतरच्या दिवसांत बेल वाजली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. हारिस, पाणीवाला, पार्सलवाला. जिन्यात बूट वाजले की नवरा टीव्हीचा आवाज बंद करायचा. शुक्रवारचे मित्र कामात होते. लिंबाच्या सालीवाल्यांनी तर नवऱ्याला फोनवर सांगितलं की त्यांनी मुळातच सोडली आहे.

एका दुपारी खरोखर भाई आले. नवरा घरी होता. तो काहीतरी पाठ करून ठेवलेलं बोलायला पुढे झाला. भाई उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“मी कुणाला सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “घरातसुद्धा नाही.”

“भाई, मी ती खोली पूर्ण रिकामी...”

“खोलीचं मला सांगू नको. ऐकलं तर मला माहीत असेल, आणि उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. रोजा आहे माझा.” ते थांबले. “एकच सांगायला आलो. तुमच्या घरात बनवलेलं काही माझ्या घरात येऊ देऊ नकोस. काहीच. फळ चालेल. सालासकट.”

“आणि आई? ती विचारेल.”

“तुझी आई आहे. तू बघ.”

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. भाईंचा चेहरा एकदम बदलला, आवाज मऊ झाला. “कशा आहात, आई? थंडी सोसते ना इथली?” सासूबाई म्हणाल्या, “मी मजेत. तुमचं पोट कसंय?” भाई एक क्षण माझ्याकडे बघून म्हणाले, “बरं आहे आता.”

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. पोट बरं आहे म्हणजे वडे चालतील. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी साबुदाणा भिजवला, वडे तळले, ताटावर ताट झाकलं आणि माझ्या हातात दिलं. “गरम आहेत तोवर दे जा. मीच गेले असते, पण गुडघा धरलाय परवापासून.”

मी ताट घेऊन जिन्यात आले. समोरचं दार बंद होतं. आतून भाभींचा आवाज येत होता. मी बेल वाजवली नाही. खाली उतरले, गाडीत बसले, ताट मांडीवर ठेवलं. वडे टाकून द्यायला हात धजेना, आणि अजानच्या आधी उघड्यावर खाणं हा इथे गुन्हा आहे. गाडीच्या काचेतून सगळं दिसतं, म्हणजे तेही उघड्यावरच म्हणायचं. म्हणून मी डोकं खाली घालून बसले, अधूनमधून इमारतीतल्या खिडक्यांकडे बघत, अजान होईपर्यंत. मग खाल्ले. सगळे जात नव्हते. उरलेले हारिसला दिले. ताट पुसलं आणि वर गेले.

“आवडले का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“आवडले.”

“भाभी काय म्हणाली?”

“म्हणाली, आईंच्या हाताला चव आहे.”

सासूबाई खूश झाल्या. दोन दिवसांनी पुन्हा साबुदाणा भिजला, पुन्हा मी गाडीत. प्रत्येक खेपेला भाभींच्या तोंडी मी एक नवं वाक्य घालते आणि ते कुठलं, ते लक्षात ठेवते. पोलिसांची भीती आता बरीच कमी झाली आहे. पण सासूबाईंचा गुडघा सुधारतो आहे. परवा त्या स्वतःहून दारापर्यंत गेल्या, साखळी काढली आणि म्हणाल्या, “जरा समोर बसून येऊ का?” मी म्हटलं, भाभी झोपल्या असतील. समोरच्या दारातून भाभींच्या हसण्याचा आवाज स्पष्ट येत होता.